प्रश्न एकोणीस

फॉर्म निघाला जिनिव्हाहून.
दिल्लीत त्याच्यावर शिक्का पडला, बंगळुरात तो कन्नड झाला,
आणि निपाणीच्या या बोळात पोचल्यावर
त्याचं मराठी करायला उरले मी.
रोजचे साडेचारशे, चहापाणी आपलं आपण.

उंबऱ्यातच शिंक येते.
जर्द्याची धूळ इथं पाहुणा-घरचा बघत नाही.
सौंदर्याच्या मांडीवर सूप.
सुपात भिजवलेली पानं, पत्र्याचा साचा, दोऱ्याचं रीळ,
आणि शेजारी जमिनीवर सातवीचं इतिहासाचं पुस्तक,
उडू नये म्हणून त्याच्यावर कात्री ठेवलेली.

वय?
"कुठलं सांगू? शाळेतलं बारा, रेशनातलं चौदा.
वेदगंगेला पाणी चढलं तवा मी पहिलीत होते.
हिशेब तुम्ही करा."

काम करतेस?
"न्हाई वो." बोटं चालूच.
"आईला नुसता हात लावतोय."
रकाने दोन: काम करते, काम करत नाही.
हात लावण्याला रकाना नाही.

प्रश्न अकरा. काम धोकादायक आहे का?
मी तो दोनदा वाचते.
या एका शब्दासाठी कितीतरी देशांची माणसं
लांबलचक टेबलांभोवती दिवसचे दिवस बसली असतील,
स्वल्पविरामावरून भांडली असतील, आणि भल्यासाठीच.
मी त्यांना हसत नाही.
त्यांच्या कायद्याच्या धाकानं वखारींतून पोरं उठली,
हे मी डोळ्यांनी पाहिलंय.
उठली,
आणि सुपं घेऊन आपापल्या घरात येऊन बसली.
माझ्या डाव्या अंगठ्याचं नख अजून वाकडं उगवतं,
विड्यांची तोंडं मोडून मोडून.
पण हा फॉर्म विचारणारीला काही विचारत नाही.

प्रश्न एकोणीस.
घरातलं एखादं मूल बाहेरगावी आहे का?
"सिद्राम हाय की. गोव्याला. हाटेलात.
लोंढ्यावरनं गाडीत बसला."
कुणाबरोबर?
"मामाबरोबर."
आईचा भाऊ?
आतून, दोन खोकल्यांच्या मधल्या जागेतून, आई म्हणाली,
"मला भाऊच न्हाई, बाई."

मामा.
आपल्या भाषेत मामा बनवतातही.
हे कन्नडात कसं लिहायचं?
आणि त्याच्यापुढं इंग्रजीत?
'नेणाऱ्याशी नातं' या रकान्यात मी पेन्सिलीनं लिहिलं,
खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं.
कागद तिथं इतका पातळ झाला
की खालची फरशी दिसायला लागली.

बाहेर येऊन मी एक-शून्य-नऊ-आठ लावला.
पलीकडच्या बाईनं विचारलं, वयस्सु एष्टु?
मी दारातून आत पाहिलं.
आई म्हणाली, नऊ.
सौंदर्या म्हणाली, "दहा.
तिकडं गेल्यावर झाला असंल."
बाईनं दहा लिहून घेतलं. रंग विचारला, उंची विचारली,
अंगात शर्ट कुठला होता विचारलं.
शर्ट आईला आठवला.
बटणांसकट.

मी फॉर्मची पानं जुळवत होते,
तर सौंदर्या म्हणाली, "हे जातंय कुठं?"
लांब. जिनिव्हाला.
"तिथं मराठी कळतं?"
नाही.
"कन्नड?"
तेही नाही.
"मग वो?"
आकडे कळतात.

त्या दुपारी पहिल्यांदाच तिची बोटं थांबली.
सुपातलं एक बंडल उचलून
तिनं माझ्या तळहातावर ठेवलं.
"मोजा."
मी मोजलं. बावीस, तेवीस, चोवीस.
"पंचवीस लागतात.
एक कमी निघाली की मुकादम
अख्खं बंडल माघारी देतोय," ती म्हणाली.
"तसं लिव्हा."